हातांनाही शिकू द्या



या अंकात निकालाची टक्केवारी आणि गुणवंतांची नावे नेहमीप्रमाणे आहेतच. त्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. आज मात्र आम्हाला अशा एका माजी विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे, ज्याचे नाव आमच्या कोणत्याही फलकावर कधी लागले नाही. त्याच्या संमतीने लिहीत आहोत. नाव छापू नये ही त्याच्या वडिलांची विनंती आम्ही मान्य केली आहे.

२०२३ साली हा मुलगा बारावीत गणितात अडकला आणि पूरक परीक्षेला बसण्याची वेळ आली. जूनच्या आरंभी त्याचे वडील आम्हाला भेटायला आले. वैतागलेले होते. म्हणाले, "सर, तुम्हीच काहीतरी सांगा त्याला. पूरकचा अभ्यास सोडून दिवसभर परसात आर्गन वेल्डिंग करत बसतो. आजोबांच्या गाडीचा सायलेन्सर बनवतोय म्हणे. आमच्या घरात आजवर कुणी हातात ग्राइंडर धरला नाही."

त्यांना सांगितले, "पाठवून द्या, बोलतो." मग वाटले, ऐकण्याआधी पाहून यावे. एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो.

घर जुन्या वळणाचे, मागे मोकळे परस. तिथे विटांवर एक जाड लोखंडी प्लेट मांडलेली, बाजूला छोटे इन्व्हर्टर मशीन आणि साखळीने खांबाला बांधलेला आर्गनचा सिलिंडर. मुलाचे मामा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडतात. मशीन त्यांचेच, आणि त्यांची अट अशी की ते स्वतः हजर असल्याशिवाय मशीनचे बटण दाबायचे नाही. गाडी म्हणजे आजोबांची प्रीमियर पद्मिनी. तिचा सायलेन्सरचा पाइप गंजून गळून पडला होता. बाजारात नेमका तसा मिळेना, म्हणून तो स्टेनलेस स्टीलमध्ये स्वतः बनवायचे या मुलाने ठरवले.

विद्यार्थी मित्रांनो, हा पाइप आतून का गंजतो ठाऊक आहे? पेट्रोल जळते तेव्हा कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होते. साधारण एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी लांबच्या प्रवासाला जाते तेव्हा पाइप तापतो आणि वाफ निघून जाते. पण आजोबांची गाडी घर ते भाजीबाजार इतकीच फिरायची. पाइप तापायच्या आतच गाडी थांबे, वाफेचे पाणी आतच साचे आणि साधे लोखंड आतून खात राही. दहावीच्या रसायनशास्त्रातले ज्वलनाचे समीकरण आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून घेत आलो. त्या समीकरणाच्या उजव्या बाजूचे पाणी प्रत्यक्षात कुठे जाते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

आर्गन वेल्डिंगला पुस्तकात टिग म्हणतात. एका हातात टॉर्च असते, तिच्या टोकाला टंगस्टनची बारीक कांडी. टंगस्टन ३४०० अंश सेल्सियसच्याही वर वितळतो, म्हणून ती कांडी स्वतः वितळत नाही, फक्त तिच्यातून ठिणगीचा कमान बनतो आणि खालचे स्टील वितळते. दुसऱ्या हाताने त्या वितळलेल्या थेंबात फिलर रॉड थोडाथोडा घालायचा. नोझलमधून सतत आर्गन वाहतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला तापलेल्या धातूपर्यंत पोहोचू देत नाही. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हा वायू शोधला आणि त्याला ग्रीक भाषेतले 'आळशी' या अर्थाचे नाव दिले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. आमच्या पुस्तकात त्याला 'अक्रिय गैस' म्हटलेले असे, मराठी पुस्तकात 'राजवायू' म्हणतात. आळशी म्हणा की राजा म्हणा, काही न करणे हेच त्याचे काम! १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या विमानांच्या कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत विकसित केली, तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरत.

मामांची शिकवण्याची रीत आम्हा शिक्षकांनी पाहण्यासारखी होती. पहिले काही दिवस मशीन बंदच. बंद टॉर्च हातात धरून प्लेटवर खडूने आखलेल्या रेषेवरून, टोक प्लेटपासून दोन मिलीमीटर वर ठेवून, एकाच वेगाने फिरवायची. त्यानंतर करंट सुरू, पण फिलर नाही. सपाट पत्र्यावर नुसती वितळलेल्या धातूची रेघ ओढायची. मग फिलर. मग दोन पत्रे. पाइप सर्वांत शेवटी. टंगस्टनचे टोक वितळलेल्या धातूत बुडाले की मशीन बंद करायचे, टोक पुन्हा घासायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. मुलगा हसून म्हणाला, "सर, पहिल्या आठवड्यात मी वेल्डिंग कमी आणि टंगस्टन घासणेच जास्त केले." मामा त्याच्यावर एकदाही ओरडले नाहीत. ओरडायची गरजच नव्हती, चूक समोर दिसत होती. जोडाचा रंग सोनेरी किंवा निळसर आला तर ठीक, राखाडी आला तर उष्णता जास्त झाली किंवा आर्गन कमी पडला. वशिला लावून राखाडीचा सोनेरी होत नाही.

पहिला पाइप पूर्ण झाला आणि वाया गेला. त्याने एका बाजूचा जोड सलग भरत नेला. स्टेनलेस स्टील उष्णता सहज पुढे सरकू देत नाही आणि साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट जास्त प्रसरण पावते. त्यामुळे पाइप एका बाजूला ओढला गेला, फ्लँज वाकला आणि बोल्टची भोके जुळेनात. मामांनी सांगितले, आधी समोरासमोर चार टाके मारायचे, मग थोडे इकडे, थोडे तिकडे भरायचे, आणि फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळूनच काम करायचे. शिवणकाम करणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना हे सांगावे लागत नाही. त्या आधी कच्चे टाके घालतात, मगच पक्की शिलाई करतात.

दुसरी चूक अधिक शिकवणारी होती. बाहेरून सुरेख दिसणारा एक जोड मामांनी करवतीने उभा कापायला लावला. आतून तो काळा, खडबडीत, जळक्या साखरेसारखा झाला होता. कारागीर याला 'साखर होणे' असेच म्हणतात. बाहेरच्या बाजूला आर्गनचे संरक्षण होते, आत मात्र हवाच होती. असा जोड लवकर तडकतो. उपाय म्हणजे पाइपची दोन्ही तोंडे बंद करून आतही आर्गन सोडायचा, हवा निघून जाण्यासाठी दुसऱ्या टोकाला लहानसे छिद्र ठेवायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मगच जोड भरायचा. यात वेळही जातो आणि गॅसही जातो. आतले कुणी पाहणार नसते, म्हणून हे टाळण्याचा मोह होतो.

पालकहो, तो कापलेला तुकडा आम्ही मागून घेतला. तो आमच्या टेबलावर आहे. बाहेरून चकचकीत आणि आतून जळलेला असा अभ्यास आमच्या शाळेत किती होतो, याचा विचार तो तुकडा रोज करायला लावतो.

आता गणिताचे. इंजिनाखालून पाइप काटकोनात वळवायचा होता आणि तयार बेंड योग्य मापाचा मिळेना. मग सरळ पाइपचे तिरके काप घेऊन ते जोडायचे ठरले. सहा तुकडे, पाच सांधे, एकूण ९० अंश. म्हणजे प्रत्येक सांध्यावर १८ अंश आणि प्रत्येक काप ९ अंशांचा. पाइपचा बाहेरचा व्यास ३८ मिलीमीटर. तेव्हा ३८ गुणिले टॅन ९, म्हणजे जवळजवळ ६ मिलीमीटर. मधल्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंना काप, म्हणून त्याची लांब बाजू आखूड बाजूपेक्षा १२ मिलीमीटरने जास्त. मुलाने हे सर्व वहीच्या पानावर मांडले होते. ज्या मुलाला आम्ही त्रिकोणमितीत नापास ठरवले होते, त्याच्या आखणीत आम्हाला चूक सापडली नाही.

आणखी एक गोष्ट. त्याने पाइप गाडीच्या तळाला घट्ट पट्टीने बांधायचे ठरवले होते. मामांनी विचारले, "तापल्यावर कितीने वाढेल?" त्याने हिशेब केला. स्टेनलेसचा एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळजवळ ७ मिलीमीटर लांब होतो. घट्ट बांधला असता तर सांध्यांवर ताण येऊन ते तडकले असते. म्हणूनच मूळ गाडीत सायलेन्सर रबराच्या कड्यांवर लटकवलेला असतो. रेषीय प्रसरणाचा धडा अकरावीत असतो. त्याचा उपयोग विचारला तर आमच्याकडे रेल्वेच्या रुळांचे एकच उदाहरण असते.

शेवटी पाइपमध्ये कमी दाबाची हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. दोन ठिकाणी बुडबुडे आले, ते सांधे पुन्हा केले. हे करणे का आवश्यक, हेही त्याने सांगितले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. सांधा गळका असेल तर तो गाडीत शिरू शकतो. उत्तरपत्रिकेत चूक झाली तर दोन गुण जातात. इथे चूक झाली तर आत बसलेल्या आजोबांच्या जिवावर बेतते. हे कळून काम करणे आणि गुणांसाठी काम करणे यांत फार अंतर आहे.

गाडी सुरू झाली. आजोबा कान लावून ऐकत होते. म्हणाले, "अहो, हिचा आवाज तर पूर्वीसारखाच आहे. मग एवढे केले काय यानं?" मुलगा म्हणाला, "आजोबा, तेच तर केलं."

हे उत्तर शाळेच्या फाटकासमोर फटाक्यासारखे आवाज काढत मोटारसायकली नेणाऱ्या तरुणांनी ऐकायला हवे. स्वतः बनवलेला सायलेन्सर म्हणजे मोठा आवाज असा एक गैरसमज आहे. या मुलाने पाइपचे माप आणि मार्ग मूळचाच ठेवला, आवाज कमी करणारा डबा बाजारातून नवा आणला आणि नंतर प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र घेतले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच अपराधाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्याला मुकावे लागणे अशी तरतूद आहे. कौशल्याला नियमाची जोड नसेल तर तो नुसता उपद्रव.

आता थोडे स्वतःविषयी. हाच मुलगा नववीत असताना गणिताच्या तासाला मागच्या बाकाचा तुटलेला पाय कुठूनतरी आणलेल्या पट्टीने आणि स्क्रूने जोडत बसला होता. आम्ही त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले. तासाला दुसरे काम करणे चूकच होते, त्याबद्दल आम्ही आजही तेच म्हणू. पण तो बाक नंतर दोन वर्षे डगमगला नाही, आणि त्याबद्दल आम्ही त्याला एकही चांगला शब्द बोललो नाही. ही चूक आमची. ती इथे लिहून ठेवतो.

आणि ही चूक आमच्या एकट्याची नाही. इंदूरला होळकरांच्या काळात आपली माणसे आली, त्यांत कारकून, शास्त्री, शिलेदार होते, तसेच सुतार, लोहार, कासार, शिंपीही होते. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांच्या हातच्या साड्या आजही आपण अभिमानाने नेसतो आणि पाहुण्यांना भेट देतो. पण घरातला मुलगा हातमागावर किंवा भट्टीवर बसणार म्हटले की आपली मान खाली जाते. याच शहरात विष्णू चिंचाळकर गुरुजींनी टाकाऊ काटक्या, पाने आणि पत्र्यांतून कला उभी करून दाखवली. त्यांचे कौतुक आपण सभागृहात करतो आणि घरी येऊन मुलाच्या हातातला हातोडा काढून घेतो.

हाताने शिकावे हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातल्या शाळकरी मुलांच्या हाती वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हे सर्व शिक्षणाचा भाग म्हणून दिले. ते स्वतः अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ होते, हे विशेष. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. कागदावर काही कमी नाही, कमी पडतो तो आपला निश्चय.

विश्वस्त मंडळींना आता एक स्पष्ट विनंती. मागच्या इमारतीतली आपली जुनी कार्यशाळा, हस्तव्यवसायाचे शेवटचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून, कुलपात आहे. आत सहा शेगडे आहेत, कानशी आहेत, एक भक्कम सागवानी ओटा आहे आणि त्यावर मोडक्या खुर्च्या रचलेल्या आहेत. त्या खोलीत दुसरा संगणक कक्ष करावा असा प्रस्ताव आहे. संगणकाला आमचा विरोध नाही, मुलांना तोही हवा. परंतु संगणक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीतही बसतील. कानशीला आणि शेगड्याला दुसरी जागा नाही. एकदा ते भंगारात गेले की पुन्हा कुणी आणणार नाही.

काही विश्वस्तांनी धोक्याचा प्रश्न काढला आहे, आणि तो योग्यच आहे. आर्गन वेल्डिंगच्या प्रकाशाने डोळे आणि कातडी भाजते. आर्गन हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत खाली साचून श्वास कोंडू शकतो. स्टेनलेसचा धूर छातीत जाऊ देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला तर ताप येतो. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग वेल्ड केला तर विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, म्हणून मामा ॲसिटोनने पुसून, ते पूर्ण उडून गेल्यावरच काम करू देत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्यांनी मुलाला एकदाही जाऊ दिले नाही. यातले काहीही मुलांनी एकट्याने, घरी, कुणाचे पाहून करू नये, हे आम्ही ठळकपणे सांगतो. म्हणूनच आम्ही नववीच्या मुलांच्या हाती टॉर्च द्या असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच: सहावी ते आठवीला मोजणे, आखणे, कानस, करवत आणि डाख देणे, नववी-दहावीला सुतारकाम आणि वीजजोडणी, वेल्डिंग फक्त अकरावी-बारावीला, इच्छा असेल त्यांनाच, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली आणि योग्य हेल्मेट-हातमोज्यांसह. मुलगे आणि मुली दोघांना. आठवड्यातून एक तास पुरे.

शिकवणार कोण? आपल्या पालकांमध्येच किती फिटर, टर्नर, वायरमन, सुतार आहेत! पालक-सभेला ते मागच्या रांगेत बसतात आणि लवकर उठून जातात. त्यांना आपण एकदाही पुढे बोलावले नाही. तो मामा यायला तयार आहे. मानधनाचे विचारले तर म्हणाला, "सर, मी याच शाळेत आठवीपर्यंत होतो."

हे आम्हाला माहीतच नव्हते.

मुलाचे पुढे काय झाले, हे पालक विचारतील. पूरक परीक्षेत तो गणितात उत्तीर्ण झाला, काठावरच. वेल्डिंगने त्याचे गणित सुधारले असा दावा आम्ही करणार नाही, त्याने अभ्यासही केला होता. मग त्याने पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमात प्रवेश घेतला. वडील अजून पूर्ण समाधानी नाहीत. परवा रस्त्यात भेटले तेव्हा मात्र म्हणाले, "सर, गाडी छान चालते आहे." आम्ही तेवढ्यावर समाधान मानले.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणी तुटलेला बाक दुरुस्त केलात तर तासानंतर करा, आणि आम्हाला दाखवायला या. विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत कार्यशाळेची किल्ली आम्ही आमच्याकडेच ठेवली आहे. ज्यांना आत येऊन पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. मोडक्या खुर्च्या बाहेर काढायला चार हात लागतीलच.

आपले,
मुख्याध्यापक